मेमरी बगची रिग्रेशन टेस्ट: जुन्या कोडवर लाल झाल्याशिवाय मर्ज करू नका

शनिवारी संध्याकाळी कोथरूडला आम्ही चार-पाच जण बसून एकमेकांचे पॅच बघतो. त्यात सी मध्ये लिहिलेल्या छोट्या कमांड लाइन टूल्सचे पॅच बरेच असतात, आणि एक गोष्ट इतक्या वेळा दिसलीये की शेवटी लिहायलाच बसलो. पोरं बग नीट शोधतात, फिक्सही बरोबर असतो, सोबत रिग्रेशन टेस्टही, म्हणजे तोच बग परत आला तर पकडणारी टेस्ट, जोडलेली असते. मग मी म्हणतो की आता फिक्स काढून ही टेस्ट चालवून दाखव, आणि ती फिक्स काढल्यावरही पास होते. म्हणजे तीच चूक सहा महिन्यांनी कोणी परत केली तर ती टेस्ट तोंडातून शब्द काढणार नाही.

मेमरीच्या चुकांमध्ये हे सहज होतं, कारण चूक झाली की प्रोग्राम पडतोच असं नाही. ६४ बिट लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीच्या मॅलॉककडे, म्हणजे मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे, १० बाइट मागितले तर वापरता येण्यासारखे २४ मिळतात. एखाद-दोन बाइट पुढे गेलात तरी कोणाला काही कळत नाही, आउटपुटही बरोबर येतं. त्यामुळे इथे "टेस्ट पास झाली" एवढ्यावर भागत नाही. चूक दिसेल असा बिल्ड हवा, ती बाहेर पोचेल असा एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना परत करतो तो आकडा, हवा, आणि चुकीच्या बाइटपर्यंत नेणारं इनपुट हवं. तिन्हीतलं एक जरी राहिलं तरी टेस्ट हिरवीच, म्हणजे पास, राहते; फेल झाली तर लाल.

उदाहरणाला आमचं एक छोटं टूल घेतो. ते मजकुरातून ओळी शोधतं आणि कॉलममध्ये सरळ लावून दाखवतं. ओळ सापडली तर ० परत करतं, नाही सापडली तर १, आणि फाइल उघडली नाही वगैरे असेल तर २. ओळी शोधणाऱ्या ग्रेप कमांडची पद्धत हीच आहे. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणारेत.

टप्पा १: बिल्ड वेगळ्या डिरेक्टरीत करा

नेहमीच्या बिल्डमध्येच फ्लॅग बदलून परत मेक मारायचं, हे करू नका. अर्ध्या ऑब्जेक्ट फाइल जुन्या राहतात, अर्ध्या नव्या होतात, आणि ज्या फाइलमध्ये बग आहे नेमकी तीच जुनी राहिलेली असते. वेगळी डिरेक्टरी, कोरा बिल्ड.

जीसीसी किंवा क्लँग, दोन्ही कंपायलरमध्ये सॅनिटाइझचा फ्लॅग आहे, त्याला अ‍ॅड्रेस ही व्हॅल्यू द्यायची. हा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, सगळे एसॅन म्हणतात तो; मेमरीची हद्द ओलांडली की रिपोर्ट देतो. फ्लॅग कंपाइल करताना द्यायचा आणि लिंक करतानाही द्यायचा. सोबत डीबग माहितीचा जी, ऑप्टिमायझेशन ओ-वन, आणि फ्रेम पॉइंटर ठेवायचा फ्लॅग, म्हणजे रिपोर्टमध्ये फंक्शनची नावं आणि ओळ नंबर नीट येतात. वेग साधारण निम्मा होतो, छोट्या टूलला तेवढं चालतं.

अनडिफाइन्ड बिहेवियरचा, म्हणजे ज्याचा परिणाम सी च्या नियमात ठरलेलाच नाही अशा कोडचा, सॅनिटायझर यूबीसॅनही जोडत असाल तर एक सांगतो. तो बाय डिफॉल्ट चूक सापडल्यावर नुसती एक ओळ छापून पुढे जातो, आणि प्रोग्राम शेवटी शून्य परत करून मोकळा होतो. नो-सॅनिटाइझ-रिकव्हर हा फ्लॅग दिलात तरच तो थांबतो. न दिल्यामुळे लॉगमध्ये चूक छापलेली आणि टेस्ट हिरवी, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

कॉन्फिगर स्क्रिप्ट वापरत असाल तर ती चालवताना लीक डिटेक्शन, म्हणजे न सोडलेली मेमरी शोधणं, बंद ठेवा, ते कधी चालू करायचं हे टप्पा ७ मध्ये येईल. कॉन्फिगर आतल्या आत बारके प्रोग्राम चालवून बघत असतं, त्यातल्या एखाद्याने मेमरी सोडली नाही की एसॅन तो फेल करतो आणि कॉन्फिगर समजतं की ही सोय या मशीनवर नाहीच. मग तुम्ही वेगळाच कोड टेस्ट करत बसता.

> तपासा: एनएम, म्हणजे बायनरीतली नावं दाखवणारी कमांड, चालवून बायनरीत एसॅनची सिम्बॉल्स दिसतायत का बघा. नुसत्या मेकफाइलवर विश्वास ठेवू नका.

टप्पा २: एक्झिट कोड आधी सोडवा, टेस्ट नंतर लिहा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

एसॅनला चूक सापडली की तो प्रोग्राम बंद करतो आणि बाय डिफॉल्ट १ परत करतो. आता आपलं टूल "ओळ सापडली नाही" हे सांगायला काय परत करतं? १. म्हणजे ज्या टेस्टमध्ये ओळ सापडू नये अशी अपेक्षा आहे, तिथे मेमरी फुटली काय आणि खरंच ओळ सापडली नाही काय, टेस्टला दोन्ही सारखंच दिसतं. आमच्या बाबतीत हे झालेलं आहे. न सापडण्याच्या टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, आणि त्यातल्या तीन रोज एसॅनचा रिपोर्ट छापत होत्या. त्या टेस्टनी एरर आउटपुट डेव्ह-नलला, म्हणजे कचऱ्यात, पाठवलेलं, त्यामुळे रिपोर्ट कोणी वाचलाच नाही. मी स्वतः त्यातल्या दोन टेस्ट रिव्ह्यू केल्या होत्या.

उपाय सोपा आहे. एसॅन-ऑप्शन्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, त्यात एक्झिटकोड=९९ द्या. ९९ का, तर टूल स्वतः तो वापरत नाही, आणि ऑटोमेक या बिल्ड टूलमध्येही त्याचा अर्थ हार्ड एरर, म्हणजे टेस्ट लालच राहते. ७७ घेऊ नका, ऑटोमेकमध्ये त्याचा अर्थ टेस्ट स्किप झाली. १२४ आणि १२५ घेऊ नका, ते ठरलेल्या वेळेनंतर प्रोग्राम थांबवणारी टाइमआउट कमांड वापरते, आणि १२५ चा बग कुठल्या कमिटपासून आला ते शोधणाऱ्या गिट बायसेक्टमध्येही वेगळा अर्थ आहे.

त्याच व्हेरिएबलमध्ये लॉग-पाथ द्या, म्हणजे रिपोर्ट एरर आउटपुटवर न जाता फाइलमध्ये जातो आणि नावाच्या शेवटी प्रोसेस नंबर लागतो. पाथ पूर्ण द्या, रूटपासून, कारण बऱ्याच टेस्ट मध्येच डिरेक्टरी बदलतात. सगळ्या टेस्ट संपल्या की त्या लॉग डिरेक्टरीत एकही फाइल नसली पाहिजे, असली तर सगळा रन फेल धरायचा, मग एकेकट्या टेस्ट काहीही म्हणोत. ही एक जादा तपासणी आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडली.

टेक्स्ट टूल आहे तर स्ट्रिक्ट-स्ट्रिंग-चेक्स=१ पण द्या. स्ट्रिंगच्या शेवटी नल बाइट नसताना ती लायब्ररी फंक्शनला दिली तर त्याने पकडलं जातं, आणि बाय डिफॉल्ट ते बंद असतं.

मग टेस्ट स्क्रिप्टमधल्या या तीन गोष्टी शोधून काढा:

"कमांड फेल झाली पाहिजे" एवढंच बघणारी टेस्ट, उद्गारचिन्ह लावून लिहिलेली. तिला ९९ पण चालतो आणि सेगमेंटेशन फॉल्टचा १३९ पण चालतो. नेमका आकडा तपासा, १ म्हणजे १ च.

पाइप. टूलचं आउटपुट हेड किंवा सॉर्टला दिलंत तर शेल शेवटच्या कमांडचा कोड देतं, टूलचा नाही. बॅशमध्ये पाइपफेल चालू करा, किंवा सरळ आउटपुट आधी फाइलमध्ये घ्या आणि मग पुढे द्या. मी दुसरं करतो, वाचायला सोपं पडतं.

आणि एन्व्हायर्नमेंट पुसून टूल चालवणारी टेस्ट. तिथे तुमचा एसॅन-ऑप्शन्स पण पुसला जातो आणि कोड परत १ होतो. अशा टेस्ट असतील तर एसॅनचं डिफॉल्ट-ऑप्शन्स नावाचं फंक्शन टूलच्या टेस्ट बिल्डमध्येच लिहून टाका, त्यातून ऑप्शन्सची स्ट्रिंग परत करायची, मग ते बायनरीसोबतच फिरतात.

> तपासा: पाच ओळींचा एक प्रोग्राम मुद्दाम चुकीचा लिहा, १ घराचा अ‍ॅरे आणि त्यातलं आर्ग्युमेंटच्या संख्येइतकं घर वाचून छापायचं. इंडेक्स आधी माहीत नसल्यामुळे कंपायलर ते पुसून टाकू शकत नाही. हा प्रोग्राम टूलच्या जागी ठेवून तुमच्या टेस्ट स्क्रिप्टमधून चालवा. स्क्रिप्ट लाल झाली नाही तर पुढे जाऊ नका, इथेच थांबून कोड कुठे गिळला जातोय ते शोधा.

टप्पा ३: इनपुट जसंच्या तसं जपा

बग रिपोर्टसोबत आलेली फाइल एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. बरेच एडिटर शेवटी न्यूलाइन नसेल तर गुपचूप घालतात, विम पण घालतं, आणि टेक्स्ट टूलचे निम्मे मेमरी बग शेवटच्या ओळीला न्यूलाइन नसण्यावरच अवलंबून असतात. फाइल आली की आधी बाइट मोजून ठेवा, डब्ल्यूसीला सी फ्लॅग देऊन, आणि ओडीने शेवटचे काही बाइट बघा.

टेस्ट फाइल गिटमध्ये टाकताना अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये बायनरी म्हणून नोंदवा, नाहीतर कोणाच्या तरी मशीनवर ओळींचे शेवट बदलून येतात.

इनपुट लहान असेल तर फाइल ठेवण्यापेक्षा प्रिंटएफने स्क्रिप्टमध्येच बनवा, पण बाइट ऑक्टलमध्ये लिहा. बॅकस्लॅश एक्सवालं हेक्स बॅशमध्ये चालतं, उबुंटूवर साधं एसएच म्हणजे डॅश असतं आणि त्याच्या प्रिंटएफला ते कळत नाही, तो बॅकस्लॅश आणि एक्स ही अक्षरंच छापतो. टूलला साधा इंग्रजी मजकूर मिळतो, काही फुटत नाही, टेस्ट पास. तसंच इनपुट शेलच्या व्हेरिएबलमध्ये घेऊ नका, शेवटच्या न्यूलाइन गळतात आणि नल बाइट बॅशमध्ये टिकतच नाहीत.

मग लहान करा. फाइल मधोमध कापायची, हेड आणि टेलला बाइटची संख्या देऊन, आणि ज्या अर्ध्यात चूक टिकते ते ठेवायचं, असं करत जायचं. लहान करताना दर वेळी रिपोर्टमधलं सगळ्यात वरचं फंक्शन तेच आहे ना ते बघा. नाहीतर कापता कापता भलत्याच बगवर पोचता, आणि मूळ बग तसाच राहतो.

टप्पा ४: बफर बारीक करा

हा टप्पा लोक सरसकट वगळतात, मला मात्र हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

टूल एकदाच ३२ केबीचा बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची जागा, घेतं, त्यात फाइलचा तुकडा वाचतं आणि तोच बफर पुन्हा पुन्हा वापरतं. आता तुकड्यात १०० बाइटच डेटा आहे आणि कोड १०१ वा वाचतो. एसॅनच्या दृष्टीने हे ३२ केबीच्या आतच आहे, काही चूक नाही. तो मॅलॉकने दिलेल्या हद्दी राखतो, तुमचा डेटा कुठे संपला हे त्याला माहीत नसतं.

म्हणून बफरचा आकार कंपाइल करताना बदलता येईल असा ठेवा आणि टेस्ट बिल्डमध्ये तो १६ करा. मराठी मजकुरावर हे लगेच दिसतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी धरून, ३ बाइटचं. "पुणे" दिसायला दोन अक्षरं, आत चार चिन्हं, १२ बाइट. आता "सदाशिव पेठ" १६ च्या बफरमध्ये वाचा: स, द, काना, श, वेलांटी एवढे १५ बाइट झाले, आणि सोळावा बाइट व चा पहिला, हेक्समध्ये ई-शून्य. कोड तो बाइट बघून ठरवतो की हे तीन बाइटचं चिन्ह आहे, आणि पुढचे दोन वाचायला जातो, जे बफरमध्ये नाहीतच. साध्या बिल्डमध्ये मॅलॉकने १६ मागितल्यावर २४ दिलेले असतात, त्यामुळे काही होत नाही. एसॅनमध्ये लगेच रिपोर्ट येतो, हीप-बफर-ओव्हरफ्लो, १ बाइटचं वाचन, १६ बाइटच्या जागेच्या लगेच पुढे.

आणि हे १६ पुरतंच आहे असं समजू नका. बफर ४०९६ असो की ३२७६८, दोनच्या कुठल्याच घाताला तीनने भाग जात नाही, म्हणजे मध्ये स्पेस नसलेला सलग देवनागरी मजकूर दिला तर पहिल्या तुकड्याच्या शेवटी चिन्ह तुटणारच. ज्यांनी टूल फक्त इंग्रजी फाइल देऊन तपासलं त्यांना हा कोड कधी चाललाच नाही.

बफर बदलता येत नसेल तर एसॅनचे पॉइझन मॅक्रो आहेत, डेटा संपतो तिथून बफरच्या शेवटापर्यंत विषारी, म्हणजे हात लावायचा नाही, अशी खूण करायची आणि पुढच्या वाचनाआधी काढायची. काम थोडं जास्त आहे, पण स्वतःचा मेमरी पूल चालवणाऱ्या टूलला दुसरा मार्ग नाही.

> तपासा: लोकेल, म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग. कंटेनरमध्ये मराठीचं लोकेल बसवलेलं नसतं, सेट-लोकेल फेल होतं, टूल साध्या सी लोकेलमध्ये बाइट-बाइट चालतं आणि तीन बाइट जोडणारा कोड चालतच नाही. लोकेलची यादी काढून बघा, डेबियन-उबुंटूवर सी डॉट यूटीएफ-८ असतंच, ते एलसी-ऑलमध्ये द्या. लोकेल नसेल तर टेस्टने ७७ देऊन स्पष्ट स्किप व्हावं, गप्प पास होऊ नये.

टप्पा ५: आधी लाल, मग हिरवी

क्रम असा ठेवा, उलटा नको.

१. गिट वर्कट्री वापरून फिक्सच्या आधीचा कमिट वेगळ्या डिरेक्टरीत काढा आणि टप्पा १ सारखा बिल्ड करा.

२. नवी टेस्ट त्या जुन्या बायनरीवर चालवा. टूलचा एक्झिट कोड ९९ आलाच पाहिजे. १ आला, १३९ आला, आउटपुट वेगळं आलं, तर ती वेगळी गोष्ट आहे, मागे जा.

३. रिपोर्ट उघडा आणि वरच्या दोन-तीन फ्रेम, म्हणजे चूक कुठल्या फंक्शनमध्ये झाली त्या ओळी, वाचा. ज्या फंक्शनमध्ये तुम्ही फिक्स केलाय तेच हवं. टेस्ट लाल झाली पण दुसऱ्याच कारणाने झाली, असं होतं.

४. आता फिक्सवाल्या बायनरीवर चालवा. कोड टूलचा खरा कोड हवा आणि आउटपुट अपेक्षित आउटपुटशी बाइट-बाइट जुळलं पाहिजे. नुसतं "एसॅन ओरडला नाही" पुरत नाही, कारण घाईच्या फिक्समध्ये लोक शेवटचं चिन्ह गाळून टाकतात, मेमरी सुरक्षित होते आणि "सदाशिव" चं "सदाशि" होतं.

५. जुन्या बायनरीवरच्या रिपोर्टचा वरचा भाग कमिट मेसेजमध्ये चिकटवा. रिव्ह्यू करणाऱ्याला मग विचारावं लागत नाही.

बग कुठल्या कमिटपासून आहे हे बघायचं असेल तर हीच टेस्ट गिट बायसेक्ट रनला देता येते. बिल्ड झाला नाही तर १२५, म्हणजे तो कमिट वगळला जातो. १२७ च्या वरचा कोड आला तर बायसेक्ट तिथेच थांबतं, म्हणून एसॅनचं अबॉर्ट-ऑन-एरर इथे चालू ठेवू नका, त्याने १३४ येतो.

टप्पा ६: शेजारच्या केस

एक बग सापडला म्हणजे त्याच्या आजूबाजूला अजून असतात, तेव्हा टेस्ट एकाच इनपुटवर सोडू नका. रिकामी फाइल, फक्त न्यूलाइन, शेवटी न्यूलाइन नाही, मध्ये नल बाइट, अर्धवट चिन्हावर संपणारी फाइल, आणि बफरच्या आकारापेक्षा एक कमी, बरोबर तेवढा, एक जास्त. एवढं लूपमध्ये घालायला दहा मिनिटं लागतात.

दोन केस मात्र नीट समजून घाला. अक्षरांचा केस बदलणारा ऑप्शन असेल तर आउटपुट इनपुटएवढंच लांब असेल असं गृहीत धरलेलं असतं. युनिकोडमध्ये तिरकी रेघ मारलेला मोठा ए आहे, यू प्लस ०२३ए, तो यूटीएफ-८ मध्ये २ बाइट, आणि त्याचा छोटा ३ बाइट. असे शंभर ओळीने दिले की १०० बाइट जास्त लागतात. दुसरी केस देवनागरीचीच: एक्स-८६ वर साधा कॅर, म्हणजे सी मधला एक बाइटचा टाइप, साइन्ड असतो, उणे आकडेही धरतो, त्यामुळे ई-शून्य हा बाइट उणे ३२ होतो, आणि तो २५६ घरांच्या टेबलाला इंडेक्स म्हणून दिला की टेबलाच्या मागचं वाचलं जातं. आर्म लिनक्सवर कॅर अनसाइन्ड असतो, तिथे हा बग दिसणारच नाही, म्हणून फक्त आर्म मशीनवर टेस्ट करून समाधान मानू नका.

टप्पा ७: व्हॅलग्रिंड, वेगळ्या बायनरीवर

एसॅनला न भरलेली मेमरी वाचलेली कळत नाही, व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या टूलच्या मेमचेकला कळते. उलट स्टॅकवरच्या आणि ग्लोबल अ‍ॅरेची हद्द ओलांडलेली मेमचेकला दिसत नाही. म्हणून दोन्ही हवेत, पण एकावर एक नाही: एसॅनची बायनरी व्हॅलग्रिंडखाली चालत नाही, त्याला साधा डीबग बिल्ड द्या.

व्हॅलग्रिंडला एरर-एक्झिटकोड=९९ द्या, न दिल्यास तो प्रोग्रामचाच कोड परत करतो आणि चुका नुसत्या छापतो. ट्रॅक-ओरिजिन्स चालू करा. टेस्ट शेल स्क्रिप्ट असेल तर ट्रेस-चिल्ड्रन द्यावंच लागतं, नाहीतर तुम्ही बॅशची मेमरी तपासताय, टूलची नाही. लिबटूल वापरत असाल तर बिल्ड डिरेक्टरीतलं टूल ही बऱ्याचदा खरी बायनरी नसून रॅपर स्क्रिप्ट असते, तिथेही हेच.

वीस-तीस पटीपर्यंत हळू होतं, तेव्हा रात्रीच्या रनला ठेवा.

लीकचं माझं मत असं की ते पहिल्या दिवशी यात मिसळू नका. छोटी टूल्स बाहेर पडताना मुद्दाम मेमरी सोडत नाहीत, आणि त्या रिपोर्टांच्या ढिगात खरा ओव्हरफ्लो हरवतो. आधी डिटेक्ट-लीक्स=० ठेवून सगळं हिरवं करा, लीक्सचा वेगळा जॉब नंतर लावा.

टप्पा ८: रोजच्या रनमध्ये

सर्व्हरवर व्हर्च्युअल मेमरीची मर्यादा यूलिमिटने घातलेली असेल तर एसॅन सुरूच होत नाही, तो ६४ बिटवर कित्येक टेराबाइट अ‍ॅड्रेस स्पेस राखून ठेवतो, खरी रॅम तेवढी घेत नाही. मर्यादा हवीच असेल तर टाइमआउट आणि एसॅनचा स्वतःचा आरएसएस लिमिट, म्हणजे खऱ्या रॅमची मर्यादा, वापरा.

टप्पा २ मधला मुद्दाम चुकीचा प्रोग्राम एकदा तपासून फेकून देऊ नका. तो प्रत्येक रनमध्ये सगळ्यात आधी चालवा आणि त्याच्याकडून ९९ ची अपेक्षा ठेवा, त्याचा रिपोर्ट मात्र टप्पा २ च्या लॉग डिरेक्टरीत धरू नका. कंपायलर बदलला, कोणी कॅशमधून जुना बिल्ड उचलला, कोणी मेकफाइल साफ करताना सॅनिटाइझचा फ्लॅग काढला, तर बाकी सगळ्या टेस्ट हिरव्या राहतील आणि फक्त हा लाल होईल. झाला की रन तिथेच थांबवा, पुढच्या टेस्ट चालवूच नका, आणि तो नीट होईपर्यंत त्या दिवशी काही मर्ज करू नका.